पिवळं न झालेलं पाणी

आमच्या भिवापूरकडे मिरचीचा सातरा लागला की हवेतच तिखट असतं. सातरा म्हणजे मिरची पसरून बसायची मोकळी जागा. बाया रांगेनं बसतात, एकेका मिरचीचा देठ खुडतात आणि सांजेला वजनावर मजुरी घेऊन घरी जातात. माझी आई कित्येक हंगाम या कामाला गेली. घरी आली की आधी हात ताकात बुडवायची, मगच मला जवळ घ्यायची. देठ खुडताना फुटक्या मिरच्यांतून बी गळतं, आणि ताडपत्री झटकली की खाली पिवळसर बियांचा ढीग उरतो. त्याच बियांवर मी नागपुरात एम.एस्सी.चा प्रकल्प केला. विषय जीवरसायनशास्त्र. जानेवारीत सुरुवात केली, मे महिन्यात संपवला.

विषय मॅडमनी सुचवला होता: बियांमधले ट्रिप्सिन इन्हिबिटर, म्हणजे ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिनं. वर्गातल्या बाकीच्यांनी सोयाबीन, हरभरा, तूर घेतली. मी मिरची म्हटलं तेव्हा मॅडम दोन क्षण थांबल्या आणि म्हणाल्या, "घे. पण सोपं जाणार नाही, तेल फार असतं त्यात." सातऱ्याच्या मालकाकडे बी मागितलं तर त्यानं विचारलं, "कायले पाह्यजे व?" मी म्हटलं, "शिकायले." त्यानं दोन किलो बी पोत्यात भरून दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं एन्झाइम. आपल्या स्वादुपिंडातून ते लहान आतड्यात येतं. प्रथिनाच्या लांब साखळीत लायसिन किंवा आर्जिनिन हे अमिनो आम्ल दिसलं की त्याच्या पुढचा बंध तोडायचा, एवढं एकच काम ते नेमानं करतं. हरभऱ्यावरच्या घाटेअळीच्या पोटातही याच जातीची एन्झाइम असतात. ती नसतील तर अळीनं कितीही दाणे खाल्ले तरी ते तिच्या अंगी लागणार नाहीत. मिरचीच्या बियांत एक छोटं प्रथिन असतं, ते नेमकं या एन्झाइमच्या तोंडात जाऊन बसतं. अडकित्त्यात सुपारीऐवजी त्याच आकाराचा खडा धरावा तसं. अडकित्ता खडा पकडतो, दाबतो, पण तो फुटत नाही आणि सुटतही नाही. अडकित्ता तिथेच गुंतून पडतो.

हा खडा इतका टणक का, ते मला वाचताना फार आवडलं होतं. गोड्या पाप्रिकाच्या बियांतल्या अशा एका प्रथिनाची रचना १९९६ साली प्रसिद्ध झाली. पाप्रिका आणि आमची भिवापुरी, दोन्हींचं शास्त्रीय नाव एकच, कॅप्सिकम ॲन्युअम. त्या प्रथिनात अमिनो आम्लं फक्त ५५, आणि त्यातली ८ सिस्टीन. दोन-दोन सिस्टीन गंधकाच्या पुलानं एकमेकांना बांधलेली, म्हणजे एवढ्याशा जिवाला चार गाठी. हा ५५ आकडा मी वहीत पहिल्याच पानावर लिहून त्याला चौकट केली होती. पुढे काय झालं ते वाचताना तो ध्यानात ठेवा.

बी दळायला मी नंदनवनमधल्या आमच्या घरमालकीण काकूंचा मिक्सर मागून घेतला. खिडक्या उघड्या ठेवल्या, तोंडाला ओढणी बांधली, तरी पाच मिनिटांत वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना ठसका लागला. काकू पदर नाकाला लावून म्हणाल्या, "बियाच एवढ्या तिखट गं!" खरं तर तिखटपणा बियांचा नसतो. मिरची उभी चिरली की आत जी पांढरी शीर दिसते, जिला बिया चिकटलेल्या असतात, तिच्यात कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य तयार होतं. बियांना ते बाहेरून लागतं. मिरचीनं फळासाठी एक राखण ठेवली आहे आणि बीच्या आत दुसरी. पहिली आपल्या जिभेला कळते. दुसरीला ना चव, ना वास, ना रंग.

दळलेली पूड ॲसिटोननं धुवायला घेतली. पहिला धुवा केशरी आला, दुसरा पिवळा, मग फिका. पाचव्या धुण्याला ॲसिटोन जवळजवळ स्वच्छ निघालं. त्यानंतर हेक्झेन, तेलाचा उरलासुरला अंश काढायला. पसरून वाळवल्यावर हातात आली ती रव्यासारखी पांढुरकी, कोरडी पूड. ही मिरची होती असं कुणाला सांगितलं तर पटणार नाही. १० ग्रॅम पूड ६० मिलिलिटर पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये ढवळत ठेवली, सकाळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, आणि वरचं निवळ पाणी घेतलं. इन्हिबिटर असलाच तर या पाण्यात असणार होता.

तो आहे की नाही हे ओळखायचं कसं, इथे मला थोडं थांबून सांगायचं आहे, कारण पुढचे पाच महिने मी हेच एक काम शेकडो वेळा केलं. बाजारात एक कृत्रिम पदार्थ मिळतो, त्याला आम्ही बाप्ना म्हणतो. त्यात आर्जिनिनला एक रंगाचा तुकडा जोडलेला असतो. ट्रिप्सिननं तो बंध तोडला की तुकडा मोकळा होतो आणि पाणी पिवळं होतं. टेस्ट ट्यूबमध्ये बफर (सामू स्थिर ठेवणारं द्रावण), ट्रिप्सिन, मग बाप्ना. ३७ अंशांवर दहा मिनिटं. शेवटी ॲसेटिक ॲसिड टाकून क्रिया थांबवायची आणि ४१० नॅनोमीटरला पिवळेपणा मोजायचा. दुसऱ्या नळीत तेच सगळं, फक्त बाप्ना टाकण्याआधी मिरचीचा अर्क. पहिली नळी हळदीच्या पाण्यासारखी होते. दुसरीत इन्हिबिटर असेल तर ती पांढरीच राहते.

पहिल्या दिवशी नुसत्या ट्रिप्सिनचं वाचन ०.६२ आलं आणि अर्कवाल्या नळीचं ०.११. म्हणजे शंभरातलं ब्याऐंशी भाग काम बंद पडलं होतं. मी दोन्ही नळ्या खिडकीशी धरून बघत राहिले. जे घडलं नाही तेच मला शोधायचं होतं. पुढे कुठेही अडले की मी स्वतःला हेच विचारायची: काय व्हायला हवं होतं, आणि ते कुठे झालं नाही?

अर्कात इन्हिबिटरसोबत बीची इतर असंख्य प्रथिनं असतात. ती वेगळी करायला पहिली पायरी अमोनियम सल्फेट. हे मीठ हळूहळू विरघळवत गेलं की प्रथिनांना पाणी पुरत नाही आणि ती साका होऊन खाली बसतात. घाईनं टाकलं तर फेस येतो आणि प्रथिन बिघडतं, म्हणून मी बर्फावर ग्लास ठेवून चिमटीचिमटीनं टाकत होते. दोन तास लागले. साका गोळा करून १० मिलिलिटर बफरमध्ये विरघळवला. त्याचे फक्त १० मायक्रोलिटर घेतले तरी वाचन ०.०८. मी खूश होते.

आता त्यातलं मीठ काढायचं होतं, त्यासाठी डायलिसिस. पारदर्शक पडद्याची नळी असते, तिच्यात नमुना भरायचा, दोन्ही टोकं गाठ मारून बांधायची आणि एक लिटर बफरमध्ये सोडून द्यायची. पडद्याची छिद्रं इतकी बारीक, की मीठ बाहेर जातं आणि प्रथिन आत राहतं. रात्री ठेवली. सकाळी नळी ताज्या बफरमध्ये हलवली, आणि आदल्या रात्रीचं पाणी मी ओतून देणार होते. पण मॅडमचा नियम होता, मोजणी होईपर्यंत बेसिनमध्ये काहीच ओतायचं नाही. म्हणून तो लिटरचा बीकर तारीख लिहून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवला.

संध्याकाळी नळीतला नमुना मोजला. ०.५७.

पुन्हा केलं. ०.५८. पाणी पिवळं, अगदी नुसत्या ट्रिप्सिनइतकं पिवळं. दोन आठवड्यांचं काम होतं ते. ट्रिप्सिन नवीन केलं, बाप्ना नवीन केलं, पिपेट बदललं. काही फरक नाही. प्रथिन मेलं, एवढंच मला सुचत होतं. रात्रीत फ्रिज बंद पडला असेल, बफरचा सामू चुकला असेल, माझाच हात कुठे तरी लागला असेल. त्या रात्री मी खोलीवर जाऊन जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "डायलिसिसची नळी कितीची होती?" मी खोक्यावर बघितलं. १२,००० डाल्टन (रेणूच्या वजनाचं माप). म्हणजे त्याहून लहान काहीही त्या पडद्यातून बाहेर जाणार. "आणि तुझं प्रथिन?" मी वही उघडली. पहिलं पान, चौकटीतला ५५. एक अमिनो आम्ल साधारण ११० डाल्टनचं. ५५ गुणिले ११०. सहा हजारांच्या आसपास.

मला ते गणित करायला एक मिनिटही लागलं नाही, आणि आधी एकदाही सुचलं नव्हतं. प्रथिन मेलेलं नव्हतं. ते मिठाबरोबर दारातून निघून गेलं होतं.

बीकर फ्रिजमध्ये होता. १० मिलिलिटर नमुना एका लिटरात मिसळला तर तो शंभरपट पातळ होतो. म्हणजे आधी जे काम १० मायक्रोलिटरनं होत होतं, त्याला आता १ मिलिलिटर लागेल. बाहेरच्या पाण्याचं बरोबर एक मिलिलिटर घेतलं आणि नळी लावली. दहा मिनिटं मी घड्याळाकडे नाही, नळीकडे बघत होते. ती पांढरी राहिली. ०.२१. मॅडम म्हणाल्या, "थांब. यात अमोनियम सल्फेटही आहे. ट्रिप्सिन त्यानंच बसलं असेल तर?" म्हणून तेवढंच मीठ घातलेलं साधं बफर घेऊन तीच मोजणी केली. ०.६०. पिवळं. तेव्हाच माझा जीव भांड्यात पडला.

३,५०० डाल्टनची नळी महाग असते. शेजारच्या विभागात एका पीएच.डी. करणाऱ्या ताईंकडे होती, त्यांनी वीतभर कापून दिली. मी सगळं पहिल्यापासून केलं: पूड, अर्क, साका. या वेळी मध्ये एक पायरी वाढवली. अर्क ९० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं धरला. दूध नासावं तशी बाकीची बरीच प्रथिनं गोळे होऊन तळाशी गेली, वर निवळ पाणी राहिलं, आणि त्या पाण्यात इन्हिबिटर जवळपास पूर्ण शाबूत. चार गाठींचा खडा. वीतभर नळीतून या खेपेला तो बाहेर गेला नाही.

मार्च संपत आला होता. आता बघायचं होतं, हे एक प्रथिन आहे की अनेक. त्यासाठी जी पद्धत वापरली तिच्याबद्दल मी जरा अभिमानानं सांगते, कारण ती इथलीच आहे, तेव्हाच्या औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मराठवाडा विद्यापीठातली. १९९४ साली पिचारे आणि काचोळे यांनी ती प्रसिद्ध केली. साहित्य काय लागतं? एक्स-रेची फिल्म. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, आणि जिलेटिन म्हणजे प्रथिनच. जेलमध्ये, म्हणजे जेलीसारख्या मऊ थरात, विजेच्या साह्यानं नमुना धाववायचा, म्हणजे वेगवेगळी प्रथिनं वेगवेगळ्या अंतरावर थांबतात. मग ते जेल ट्रिप्सिनच्या पाण्यात बुडवायचं आणि फिल्मवर पालथं घालायचं. जिथे नुसतं ट्रिप्सिन आहे तिथे जिलेटिन खाल्लं जातं. जिथे इन्हिबिटर बसला आहे तिथे ट्रिप्सिन अडतं आणि जिलेटिन वाचतं. धुतलं की वाचलेल्या जागी पट्टे दिसतात. लाखांचं यंत्र लागत नाही.

फिल्म मात्र मिळेना. आता सगळीकडे संगणकावरच एक्स-रे निघतात. धंतोलीत चार ठिकाणी विचारल्यावर एका जुन्या केंद्रातल्या काकांनी मुदत संपलेला अर्धा डबा दिला. आम्हाला त्यावर चित्र काढायचंच नव्हतं, जिलेटिन शाबूत असलं की झालं.

पहिल्या फिल्मवर काहीच उरलं नाही. दुसऱ्यावरही नाही. जेल पंधरा मिनिटं ठेवलं, मग दहा, मग सात. वेळ कमी करूनही फिल्म धुतली की कोरी, पारदर्शक. मी ट्रिप्सिन निम्मं केलं, तरी तेच. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतले सेवक काका शेजारी उभे राहून बघत होते. मी नळाखाली फिल्म धरली तसे ते म्हणाले, "पोरी, हे टाकीचं पानी हाय. हात लावून पाय जरा." एप्रिलची दुपार, गच्चीवरची काळी टाकी. हात धरवत नव्हता इतकं पाणी गरम होतं. न खाल्लेलं जिलेटिनसुद्धा त्या पाण्यानं वितळून जात होतं. मी मोजणीतला सगळा दोष ट्रिप्सिनला देत होते आणि नळाकडे एकदाही बघितलं नव्हतं.

काकांनी कोपऱ्यातला माठ दाखवला. नळाचं पाणी ट्रेमध्ये घेऊन त्यात माठातलं मिसळलं, कोमटही नाही आणि गारही नाही असं. पाच मिनिटांनी जेल उचललं, फिल्म ट्रेमध्ये ठेवली आणि ट्रे हळूच हलवत राहिले. राखाडी थर सायीसारखा सुटायला लागला. आधी कडेनं, मग मधून. आणि मधोमध काही रेघा सुटल्या नाहीत. मी ट्रे हलवायची थांबले, पुन्हा हलवला. रेघा जागच्या जागी. चार ठळक, आणि वरच्या अंगाला एक फिकट. फिल्म खिडकीत धरली तर मागे आवारातला कडुनिंब दिसत होता आणि त्याच्यावर माझ्या पाच रेघा.

काकांना मी सांगितलं, या प्रत्येक रेघेत मिरचीचं एकेक प्रथिन बसलं आहे. त्यांनी फिल्म हातात घेऊन बराच वेळ पाहिली.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मिरचीच्या इन्हिबिटरांवर बरंच काम झालं आहे. २००५ साली तिथल्या संशोधकांनी दाखवलं, की हे इन्हिबिटर घाटेअळीच्या आतड्यातली एन्झाइम अडवतात आणि खाण्यात दिले तर अळीची वाढ खुंटते. हीच अळी कपाशीवर आली की तिला आपण हिरवी बोंडअळी म्हणतो. सुट्टीत घरी गेले तेव्हा बाबांना हे सांगितलं. आमच्याकडे दरवर्षी तुरीवर, हरभऱ्यावर ती असतेच. बाबांनी लगेच विचारलं, "मग बी वाटून फवारलं तर?" मी नाही म्हटलं, आणि का ते नीट सांगायचा प्रयत्न केला. अळीच्या पोटात एकच एन्झाइम नसतं, अनेक असतात. एक बंद पडलं की ती दुसरं वाढवते, ज्यावर हा खडा बसत नाही. मिरचीनंही म्हणूनच एक नाही, अनेक प्रकार ठेवले असावेत; मला फिल्मवर पाच रेघा दिसल्या त्या त्यामुळेच, असं मला वाटतं. अळी आणि झाड यांचं हे माझ्या-तुमच्या आधीपासून चाललं आहे. १९७२ मध्ये ग्रीन आणि रायन या दोघांनी बटाटा आणि टोमॅटोच्या झाडावर पाहिलं होतं, की भुंग्यानं एक पान कुरतडलं तर न कुरतडलेल्या पानांतही असे इन्हिबिटर साठायला लागतात. पानाला निदान चावा बसल्यावर वेळ मिळतो. बीला पळता येत नाही आणि वाटही बघता येत नाही, म्हणून आई झाड ते आधीच भरून देतं. बाबा ऐकत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "म्हंजे बीले शिदोरी बांधून देते."

आईचा प्रश्न वेगळा होता. "मग आपण तिखट खातो, आपलं अन्न नाही का अडत?" तिला म्हटलं, आपल्या पोटात रोज ट्रिप्सिन येतं ते फार, आणि भाजीत बी पडतं ते चिमूटभर. तिला ते पटलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूर ४५ अंशांवर होतं आणि शनिवारी दुपारी आमच्या इमारतीची वीज गेली. सोमवारी सकाळी मी कुलूप उघडलं तेव्हा फ्रिजमधून पाणी बाहेर आलेलं होतं. बर्फ नाही, आत बाहेरच्याइतकीच उष्णता. तोंडी परीक्षा आठ दिवसांवर, आणि तापमानाचा शेवटचा तक्ता व्हायचा होता. वीज आल्यावर बफरमध्ये करून ठेवलेलं ट्रिप्सिन काढलं आणि बाप्ना टाकलं, पिवळेपणा जेमतेम. ट्रिप्सिन स्वतः प्रथिनच आहे, दोन दिवस गरमीत ते स्वतःलाच कापत बसलं होतं.

दुसऱ्या खोलीतल्या कपाटातून ट्रिप्सिनच्या पुडीची बाटली आणली, नवीन वजन केलं. ०.६१ आलं, म्हणजे हे चांगलं होतं. मग दोन दिवस वितळून पडलेली इन्हिबिटरची नळी घेतली. लेबल घामानं पुसट झालं होतं, 'भिवापूर' एवढंच वाचता येत होतं. १० मायक्रोलिटर, बफर, ट्रिप्सिन, बाप्ना. घाम हनुवटीवरून बाकावर पडत होता. दहा मिनिटं झाली, ॲसिड टाकलं, नळी खिडकीशी धरली.

पाणी पांढरं होतं. मोजलं तर ०.०९.